अंगठा देण्याआधी

समीर,

बोरिवलीची जागा पसंत पडली आणि शनिवारी एजंट मशीन घेऊन घरी येणार, असं ताईकडून कळलं. तू फौजेतल्या पुढच्या पोस्टिंगवर जाणार, अश्विनी मुलीला घेऊन इथे राहणार. म्हणून हे लिहितोय. अश्विनीलाही वाचायला दे; खरं तर तिनेच आधी वाचावं.

हल्ली करार म्हणजे मशीनवर अंगठा आणि कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं. मजकूर एजंटच्या लॅपटॉपमध्ये आधीच असतो, मागच्याचं नाव काढून तुझं टाकायचं की झालं. त्या मजकुरात तुझं एकट्याचं नाव असेल तर बदलून घे. लिव्ह अँड लायसन्स ही राहण्याची परवानगी, ज्याला दिली त्याच्यापुरती. पागडीच्या जुन्या भाडेकरूमागे त्याच्यासोबत राहणारं कुटुंबातलं माणूस कायद्याने भाडेकरू होतं, तसं इथे नाही. तुला काही झालं तर अश्विनी त्याच घरात राहील, पण तिच्या हातात कागद नसेल. डिपॉझिट कुणाला परत द्यायचं, यावर मालकाला घोळ घालायला जागा मिळेल ती वेगळीच.

अमेरिकेत फौजी माणूस कामावर असताना गेला तर पत्नीला वर्षभरात भाडेकरार दंड न भरता मोडता येतो. 2018 साली कायद्यातच तशी सोय केली, नंतर गंभीर इजेसाठीही केली. आपल्याकडे 1925 चा सैनिकांच्या दाव्यांचा कायदा आहे, पण तो सीमेवरच्या माणसाविरुद्ध त्याच्या माघारी कोर्टात निकाल लागू नये एवढ्यासाठी. लॉक-इनमधून, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याच्या अटीतून, तो कुणाला सोडवत नाही. तेव्हा जे कायद्यात नाही ते करारात लिहून घ्यायचं. दोघांची नावं लायसन्सी म्हणून. सेवेत मृत्यू, बोर्ड आउट होण्याइतकी दुखापत किंवा बदलीचा हुकूम आला तर लॉक-इन लागू नाही. कुटुंबाने महिन्याची नोटीस देऊन निघावं किंवा मुदत संपेपर्यंत त्याच भाड्यात राहावं, मर्जी त्यांची. डिपॉझिट अश्विनीच्या खात्यात. मालक कुरकुरला तर कुरकुरू दे. फौजीला घर द्यायला सगळेच हौशी असतात, कलम वाचलं की चेहरा उतरतो.

दुखापतीचं मुद्दाम सांगतो, कारण त्याचा विचार कुणी करत नाही. ‘मुखत्यारपत्र करून ठेवलंय, मामा,’ असं तू म्हणशील. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते संपतं, आणि डोक्याला मार लागून त्याचं भान गेलं तरी संपतं. म्हणजे नेमकं लागेल तेव्हा तो कागद निकामी. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टाची पायरी. त्यापेक्षा करार दोघांच्या नावे, बँक खातं दोघांचं, ही साधी वाट बरी.

आता मुलुंडचं तुझ्या नावावरचं घर. तिथल्या जुन्या भाडेकरूंना काढणं अशक्य, असं ताई धरून चालली आहे. तसं नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 23 फौजी मालकालाही लागू आहे. स्वतःला किंवा कुटुंबाला राहायला जागा हवी असेल तर वर्षानुवर्षं दावा न चालवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सोबत तू सेवेत असल्याचा आणि त्या भागात राहण्याजोगी दुसरी जागा नसल्याचा कमांडिंग ऑफिसरचा दाखला लागतो. सेवेत मृत्यू आला तर हा हक्क वारसाला मिळतो. तेव्हा दाखला एरिया किंवा सब-एरिया कमांडर देतात. मात्र जागा खरोखर लागत असली पाहिजे. भाडं वाढवून घ्यायला हे कलम काढशील तर मी तुझ्या बाजूने उभा राहणार नाही, ती माणसंही वाऱ्यावर पडता कामा नयेत.

मुलुंडची कागदपत्रं ताईच्या कपाटात आहेत. त्यांची एक फाइल करून अश्विनीला दे, युनिटचा पत्ता आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन वरच लिहून. एजंटचा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव. शनिवारी मशीन येईल तेव्हा मी तिथे असेन.

तुझा,
मामा