नोकरीसाठी पैसे आणि मूळ मार्कशीट मागतात

प्रश्न : मुलाचे आयटीआय झाले आहे. तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी काम लावतो म्हणून एजन्सीवाला ‘नोंदणी’चे पाच हजार रुपये आणि मूळ मार्कशीट मागतो. द्यावे का?
— एक पालक, कामशेत

उत्तर : दोन्ही देऊ नका. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या. अडकवून ठेवलेली मार्कशीट म्हणजे पोराच्या पायातली बेडी. काम कितीही वाईट निघाले तरी त्याला सोडता येत नाही. भरतीचा खर्च कंपनीचा. एजन्सीने कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७चा १८१ क्रमांकाचा करारही सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही, तरी तळेगावच्या कारखान्यांनी आणि लोणावळ्याच्या हॉटेलांनीही तो आपणहून पाळावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी कंपनीच्या एचआरकडे जाऊन ही एजन्सी खरोखर त्यांची आहे का, ते विचारा. नेमणूकपत्र मागाच; नव्या कामगार संहितांनी ते बंधनकारक केले आहे. पीएफ कापला जात असेल तर तो भरलाही जातो का, हे मुलाने यूएएन वापरून उमंग ॲपवर दर महिन्याला पाहावे. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर कायद्याने मूळ कंपनीची जबाबदारी येते. म्हणून गेट पास, हजेरीचे फोटो, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.