उन्हाळ्यात पकडलेला साप

जुन्नर-आंबेगावात सर्पमित्राला जास्त फोन येतात ते पावसाळ्यात. पण पकडलेल्या सापाला खरं जपावं लागतं ते एप्रिल-मेमध्ये. बेल्हे, आणे पठार, मंचर या पट्ट्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. आपल्याकडचा साप घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे साप आमच्याजवळ असतो तो वनखात्याकडे नोंद होऊन सोडेपर्यंतच. घात होतो तो त्याच काही तासांत.

१. सापाला घाम येत नाही. तो अंग गार ठेवतो ते जागा बदलून. सकाळी बांधावर ऊन खातो आणि तापायला लागलं की बिळात, उसात किंवा कांद्याच्या बराखीखाली शिरतो. डब्यात कोंडला की त्याचा हा एकमेव उपाय आपण काढून घेतलेला असतो. अंग चाळिशीच्या वर गेलं तर जिवावर बेततं.

२. प्लास्टिकची बरणी उन्हाळ्यात नकोच. झाकणाला चार भोकं पाडून काही होत नाही, आतली हवा तापतेच. सुती पिशवी बरी. विषारी साप कापडातूनही चावतो, म्हणून ती पिशवी भोकं पाडलेल्या मोठ्या बादलीत ठेवून झाकण लावायचं. मोटारसायकलची डिकी आणि बंद गाडी म्हणजे भट्टी. चहाला थांबायचं असेल तर बादली सोबत सावलीत घ्या.

३. ओलं गोणपाट हा सगळ्यात स्वस्त कूलर, पण ते बादलीच्या एकाच बाजूला गुंडाळायचं. अर्धी बाजू गार, अर्धी कोरडी राहिली की साप आपली जागा आपण निवडतो. सगळीकडून ओलं करून सतत दमट ठेवलं तर कातडीला बुरशी धरू शकते. कोरड्या मे महिन्यात गोणपाट झकास काम करतं, वळवाच्या आधी हवा दमट झाली की निम्मंच. तेव्हा जागा महत्त्वाची. पत्र्याच्या शेडपेक्षा जुन्या मातीच्या घरातली जमिनीलगतची कोपऱ्याची जागा कितीतरी गार असते. अंदाजावर राहू नका, साधा थर्मामीटर आत सोडा. पस्तीसच्या वर गेला की जागा बदला. बर्फ, फ्रीज, अंगावर गार पाण्याची बादली हे दयेपोटी केलेले छळ आहेत.

४. धामण पिशवीत स्वस्थ बसत नाही, धडपडून स्वतःच तापते. तिला सगळ्यात आधी सोडायचं. घोणस गपगार पडून राहते, म्हणून तिचं बरं चाललंय असं समजू नये. मे-जूनमध्ये ती गाभण असण्याची शक्यता फार. पिल्लं पिशवीतच झाल्याचे प्रसंग सर्पमित्रांना नवे नाहीत.

५. तोंड उघडं टाकून श्वास घेणारा साप तापलेला समजा. अंधार, सावली, हलता वारा, एवढंच द्या. खायला काही घालू नका, सोडताना ओकून टाकतो.

६. सोडायचा तो ऊन उतरल्यावर, पकडला त्याच परिसरात, जवळ झाडोरा आणि पाणी बघून. भीमाशंकरच्या रानात नेऊन सोडलं की पुण्य लागतं ही समजूत चुकीची. घाटमाथ्याचं रान पठारावरच्या सापाच्या ओळखीचं नसतं.

७. पुण्या-मुंबईत बॉल पायथन पाळणारी हौशी मंडळी कधी त्याच्या उन्हाळ्याबद्दल विचारतात. तो साप पश्चिम आफ्रिकेचा आहे आणि त्याची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याला एका टोकाला बत्तीसच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला सव्वीसच्या आसपास गारवा लागतो. उन्हाळ्यात ऊब फुकट मिळते, सगळा खर्च गारव्याचा. दिवसभर घर बंद ठेवून कामाला जाणाऱ्याने हा नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे सर्पमित्र नाहीत त्यांच्यासाठी. गारव्याच्या शोधात साप रांजणाखाली, न्हाणीत, गोठ्यातही येतो. रात्री अंगणात जमिनीवर झोपू नका, मण्यार तेव्हाच फिरते. साप दिसला तर मारू नका, पकडायलाही जाऊ नका. लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.