लॉगिन झालं, पण डेस्कटॉप येईना : फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा



एप्रिलचा शेवट. १ मेला निकाल द्यायचा. आकारिक-संकलितच्या नोंदी, गुणपत्रकं, सहलीचे फोटो, सगळं शाळेच्या एकाच कॉम्प्युटरवर. दुपारी काम चालू असतानाच लाइट गेली. ती आल्यावर पासवर्ड टाकला, 'वेलकम' दिसलं आणि पुढे नुसता काळा पडदा! माउसचा बाण तेवढा हलतोय.

आमच्याकडे असं झालं तेव्हा आम्ही सीपीयू मोटारसायकलवर बांधून दुकानात नेला. 'फॉरमॅट मारावा लागंल सर,' असं ऐकलं आणि 'मारा' म्हणून मोकळे झालो. कॉम्प्युटर सुरू झाला, पण वर्षभराच्या नोंदी गेल्या. गुण वहीतून पुन्हा भरता आले. फोटो मात्र गेले ते गेलेच. तेव्हा जे माहीत नव्हतं, ते आज लिहितोय. कंधार-लोह्याहून नांदेडला किंवा अहमदपूर-निलंग्याहून लातूरला कॉम्प्युटर नेण्याआधी अर्धा तास यासाठी द्या.

आधी समजून घेऊ

लॉगिननंतर तीन कामं क्रमाने होतात. एक, पासवर्ड तपासला जातो. दोन, तुमच्या नावाची मांडणी, म्हणजे प्रोफाइल उघडतं. तीन, 'एक्सप्लोरर' नावाचा प्रोग्रॅम सुरू होतो. खालची पट्टी आणि चिन्हं हाच प्रोग्रॅम दाखवतो. समजा, शाळा उघडली, मुलं वर्गात बसली, पण परिपाठ घेणारे गुरुजीच आले नाहीत. म्हणून मुलं हरवली असं आपण म्हणतो का? तसंच इथे. पडदा काळा आहे म्हणून फाइली गेल्या असं नव्हे. बहुतेक वेळा त्या जागेवरच असतात.

काय करायचं? (विंडोज १० व ११ साठी)

पायरी १ : थांबा. अपडेट चालू असेल तर पडदा बराच वेळ काळा राहू शकतो. सीपीयूवरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर दहा-पंधरा मिनिटं वाट पाहा. लगेच बटण दाबून बंद करू नका.

पायरी २ : प्रोजेक्टर तपासा. डिजिटल वर्गात हे हमखास घडतं. पडदा प्रोजेक्टरकडे वळवलेला असतो आणि आपण मॉनिटरकडे बघत बसतो. प्रोजेक्टरची वायर काढा. विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून फक्त कॉम्प्युटरचा पडदा निवडता येतो.

पायरी ३ : कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. निळा पडदा आणि त्यावर चार-पाच पर्याय आले तर समजा, विंडोज जिवंत आहे. त्यातलं 'टास्क मॅनेजर' उघडा. 'रन न्यू टास्क' निवडा (विंडोज १० मध्ये ते 'फाइल' मेनूत असतं). चौकटीत इंग्रजीत एक्सप्लोरर, टिंब आणि ई-एक्स-ई हे सलग टाइप करून एंटर दाबा. एक्सप्लोररच सुरू व्हायचा राहिला असेल तर डेस्कटॉप लगेच समोर येतो.

पायरी ४ : आधी फाइली वाचवा. डेस्कटॉप आला नाही तर पेन ड्राइव्ह लावा. त्याच 'रन न्यू टास्क'च्या चौकटीत 'ब्राउझ' दाबा. खाली 'ऑल फाइल्स' निवडा. सी ड्राइव्ह, मग 'युजर्स', मग तुमचं नाव आणि 'डेस्कटॉप' असं उघडत जा. तिथे फाइलवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि त्याच खिडकीत पेन ड्राइव्ह उघडून पेस्ट करा. हीच पायरी आम्हाला माहीत असती तर सहलीचे फोटो वाचले असते.

पायरी ५ : सेफ मोड. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि 'रीस्टार्ट' करा. मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि पुन्हा 'रीस्टार्ट'. यादी आली की ४ दाबा. या अवस्थेत फक्त गरजेपुरते प्रोग्रॅम चालतात. डेस्कटॉप इथे दिसला तर दोष बहुधा नंतर टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा. शेवटी काय टाकलं ते आठवा आणि काढून टाका. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर जागा मोकळी करा.

डेस्कटॉप आला, पण कोरा!

चिन्हं नाहीत, चित्र बदललेलं, जणू नवाच कॉम्प्युटर. लाइट अचानक गेल्याने प्रोफाइलची फाइल बिघडली तर विंडोज कधीकधी 'तात्पुरतं प्रोफाइल' देतं. इथे एक धोका ध्यानात ठेवा : त्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका, साइन आउट होताच ते पुसलं जातं. एकदा रीस्टार्ट करून पाहा. पुन्हा तसंच आलं तर जुन्या नावाच्या फोल्डरमधून फाइली काढून घ्या आणि नवीन युजर तयार करा.

जगातही हेच घडलं

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. विमानतळांवर रांगा लागल्या. तिथे कॉम्प्युटर सुरूच होत नव्हते, म्हणजे बिघाड आपल्यापेक्षा मोठा. तरी उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक बिघडलेली फाइल काढणं. त्यासाठी फॉरमॅटची गरज नव्हती.

दुकानात न्यावंच लागलं तर

आधी सांगा, 'डेटा काढून द्या, मगच फॉरमॅट करा.' आणि हे लक्षात असू द्या : डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सी ड्राइव्हमध्येच असते. फॉरमॅटमध्ये आधी तोच पुसला जातो. म्हणून कामाच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवा आणि दर शनिवारी पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्या. यूपीएस असेल तर लाइट गेल्यावर काम चालू ठेवू नका. सेव्ह करा आणि कॉम्प्युटर नीट बंद करा. पालकांनो, शिकायला लातूर-नांदेडला ठेवलेल्या मुलांच्या लॅपटॉपलाही हाच नियम लावा.

वर्गात करायची कृती

सगळ्या फाइली बंद करा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये एक्सप्लोरर शोधून 'एन्ड टास्क' द्या. डेस्कटॉप गायब होईल, मुलं ओरडतील, 'सर, गेलं!' मग पायरी ३ त्यांच्याच हातून करून घ्या. डेस्कटॉप परत आला की विचारा, 'मधल्या वेळात फाइली कुठे होत्या?' याचं उत्तर ज्या मुलाला देता आलं, ते मूल काळा पडदा पाहून घाबरणार नाही.

करून पाहा आणि तुमच्या शाळेतला अनुभव नक्की कळवा.