वापरलेल्या अणुइंधनाची वाहतूक व साठवण : एक विचार

अणुशक्तीचा विषय निघाला की आपण बहुधा वीज आणि बॉम्ब या दोनच गोष्टींवर बोलतो. भट्टीत वापरून झालेले इंधन न्यायचे कोठे आणि ठेवायचे कसे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. तो केवळ विज्ञान शाखेचा आहे असेही नाही. त्याचा अर्धा भाग भूगोल आणि राज्यशास्त्राच्या वर्गात येतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

परळीच्या औष्णिक विद्युत्केंद्राची राख आपण मराठवाड्यातील लोकांनी पाहिली आहे. ती थंड होते, ट्रकमध्ये भरून नेता येते, विटांनाही उपयोगी पडते. अणुइंधनाचे तसे नाही. भट्टी बंद केल्याक्षणीही त्यात मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते. ती झपाट्याने उतरते, पण शून्य होत नाही. शिवाय त्यातील किरणोत्सर्गी द्रव्यांचे आयुष्य निरनिराळे असते. एका प्रकारचे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, सीझियमला तीस वर्षे लागतात, तर प्लुटोनियमला चोवीस हजार वर्षे. म्हणून हे इंधन प्रथम भट्टीशेजारील खोल पाण्याच्या टाकीत काही वर्षे ठेवतात. पाणी उष्णता ओढून घेते आणि किरणही अडविते. यानंतरच वाहतुकीचा विचार करता येतो.

वाहतुकीसाठी पोलाद आणि शिसे यांसारख्या जड धातूंची जाड भिंतीची पात्रे असतात. असे पात्र नऊ मीटर उंचीवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर पडले, पोलादी दांड्यावर आदळले, ८०० अंश उष्णतेच्या आगीत अर्धा तास राहिले किंवा पाण्यात बुडाले, तरी आतील द्रव्य बाहेर येता कामा नये, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ यावर देखरेख ठेवते.

परंतु पात्र भक्कम असले म्हणजे योजना पूर्ण झाली असे नाही. येथे लातूरचा अनुभव आठवावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. खरी तयारी रुळांवर नव्हती, ती दोन्ही टोकांना होती. वाघिणी आधी स्वच्छ कराव्या लागल्या, मिरजेस भरण्याची सोय करावी लागली आणि लातुरास पाणी उतरवून घेण्यासाठी जागा शोधावी लागली. अणुइंधनाचेही तसेच आहे. पाण्याखाली पात्र भरणारी यारी, जड भार पेलणारे पूल व रस्ते, पहारा, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या टोकाला रिकामी जागा, यांपैकी एक जरी नसेल तरी गाडी निघत नाही. राजस्थानातील रावतभाटा येथील इंधन पुनर्प्रक्रियेसाठी तारापूरला आणता आले, कारण तारापूरला ते घेणारा कारखाना होता.

खुद्द तारापूरच्या इंधनाची कथा मात्र वेगळी झाली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. १९६३ च्या करारानुसार त्यांचे इंधन अमेरिकेने पुरवायचे होते आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर दोन्ही देशांचे एकमत हवे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर संबंध बिघडले. १९७८ साली अमेरिकेने कडक कायदा केला, पुरवठा थांबला आणि पुढे फ्रान्सकडून इंधन आले. पुनर्प्रक्रियेस संमती काही मिळाली नाही. कारखाना जवळच असूनही इंधन टाक्यांत साचत राहिले, आणि त्यासाठी साठवणीची जास्तीची सोय करावी लागली. म्हणजे अडचण यंत्राची नसून कराराची होती. हा करार ऑक्टोबर १९९३ मध्ये संपला.

त्याच्या थोडेच आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. त्याची आठवण आपल्या भागात करून द्यावी लागत नाही. हजारो माणसे गेली. परंतु अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्या वेळच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचा खडक स्थिर, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो होतो. १९९२ साली त्या परिसरात धक्के बसले होते, तरीही तो समज कायम राहिला. २००२ साली नकाशा सुधारला आणि पहिला विभागच रद्द झाला. मार्च २०२४ मध्ये नांदेड-हिंगोली भागातही जमीन हादरली.

या दोन्ही घटनांचा साठवणीशी जवळचा संबंध आहे. पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सर्गी कचरा काचेत गोठवून पोलादी डब्यांत बंद करतात. ते डबे हवेने थंड होणाऱ्या भांडारात दीर्घकाळ ठेवावे लागतात. त्यांना अखेर जमिनीत खोल कायमची जागा हवी. फिनलंडने चारशे मीटरांहून खोल खडकात तशी जागा बांधली आहे. भारतात असे भांडार अद्याप नाही. तीस वर्षांचा करार मुदतीपूर्वीच मोडकळीस येतो आणि स्थिर मानलेली जमीन एका पहाटे हलते. मग शतकांचा हिशेब कशाच्या भरवशावर मांडायचा?

याचे उत्तर भीती नव्हे किंवा आंधळा विश्वासही नव्हे. योजनेत तीन गोष्टी आधी लिहिलेल्या असाव्यात. शेवटची जागा कोठे, हे पहिले इंधन भट्टीत घालण्यापूर्वी ठरावे. तात्पुरती साठवण लांबेल असे गृहीत धरूनच ती बांधावी. आणि जमिनीविषयीचा समज ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासून तो जनतेसमोर ठेवावा. हे तिसरे काम केवळ अभियंत्यांचे नाही. गावात बसलेला धक्का नोंदविणारा, करार वाचणारा आणि जाहीर सभेत प्रश्न विचारणारा नागरिकही त्यात हवा. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी निदान तेवढी तयारी करावी.