‘भरवेली’ भरवेलीच वाचले जावे : अरुंद फॉन्टची निवड आणि जोडणी

जागा थोडी आणि मजकूर जास्त असला, की फलकासाठी अरुंद म्हणजे कंडेन्स्ड फॉन्ट लागतो. ‘बालाघाट मँगनीज खाण, भरवेली’ एवढे एका ओळीत बसवताना साधाच फॉन्ट दोन्ही बाजूंनी दाबण्याचा मोह होतो. तो टाळावा. दाबल्याने उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते आणि अक्षराचा तोल जातो. खऱ्या अरुंद फॉन्टमधील प्रत्येक अक्षर त्याच मापाने रेखलेले असते.

निवड करताना गावाचे नावच कसोटीला लावावे. ‘भरवेली’तील र आणि व एकमेकांना चिकटले, तर त्यांचा ख भासतो आणि ‘भखेली’ वाचले जाते. भ च्या शिरोरेषेतील फट बुजली, तर ‘मरवेली’ होते. ‘बालाघाट’मधील घ आणि ध यांतील फरकही असाच नाजूक आहे. यांच्या जोडीला ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘शाळा’ हे शब्द लिहून पाहावेत. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.

मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘अनेक देवनागरी’ ७५ ते १२५ टक्के रुंदीत मिळतो. त्याची अरुंद रूपे येथे उपयोगी पडतात. ‘इंडियन टाइप फाउंड्री’चे ‘तेको’ आणि ‘खंड’ मोठ्या मथळ्यांसाठी चांगले. लहान मजकुरासाठी ते वापरू नयेत. हे तिन्ही मुक्त परवान्याचे असून गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात.

उतरवलेली झिप फाइल आधी उघडावी. विंडोजमध्ये टीटीएफ फाइलवर उजवी कळ दाबून ‘इन्स्टॉल’ निवडावे आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे विस्कटतात. आपल्या भागातील संगणकांवर मजकुराची भाषा बहुधा हिंदी असते. ती बदलून ‘मराठी’ करावी. फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर थेट या फॉन्टमध्ये चालत नाही. आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो तपासावा. छापखान्यात पाठवायच्या पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असल्याची खात्री करावी.

अभ्यास : वरील ओळ तिन्ही फॉन्टमध्ये प्रत्यक्ष मापात छापा. दहा पावलांवरून अशा व्यक्तीकडून वाचून घ्या, जिला गावाचे नाव ठाऊक नाही. जाणकार चुकीचे अक्षरही बरोबरच वाचतो. फलक मात्र नवख्यासाठी असतो.