जुनी झुंबरे, नवा उजेड



कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि राजवाडा आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. आजच्या पाठासाठी मात्र आपण होळकरांच्या आणखी दोन वास्तूंकडे जाऊ.

पहिली लालबाग. हा राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात बांधला गेला आणि पुढे तेथे संग्रहालय झाले. त्याच्या युरोपीय थाटाच्या दालनांत छताला झुंबरे आहेत. दुसरी माणिकबाग. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतर एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराकडून ती घडवून घेतली. मुथेसियसने तेथील सामानाबरोबर दिवेही आखले होते. वाचनाच्या लाल खुर्च्यांना तर दिवे जोडलेलेच होते. १९८० साली मोंते कार्लो येथे माणिकबागेतील सामानाचा लिलाव झाला आणि वस्तू देशोदेशी गेल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयाने त्यांतील बऱ्याच वस्तू पुन्हा एकत्र मांडल्या. पण ज्या खोल्यांसाठी ते दिवे आखले होते, त्या खोल्या काही पॅरिसला नेता येत नाहीत.

दिवा हा त्या वास्तूचाच भाग असतो, हे यावरून ध्यानात येते. तो विकला तर जातोच. चुकीच्या दुरुस्तीनेही जातो.

संग्रहालयापुढील पेच

जुन्या दिव्यांतील वायरींवर रबर व कापडाचे वेष्टन असे. वर्षानुवर्षे उष्णता लागून ते कडक होते, तडकते आणि आतली तार उघडी पडते. विजेच्या एका दोषाने केवढा अनर्थ होतो, हे ब्राझीलमध्ये दिसले. रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालयाला २०१८ साली लागलेली आग एका वातानुकूलन यंत्रापासून सुरू झाली आणि सुमारे २ कोटी वस्तूंच्या संग्रहातील बहुतेक भाग नष्ट झाला. म्हणून ‘जुने आहे, हात लावू नका’ असे म्हणून भागत नाही आणि ‘जुने आहे, काढून टाका’ असे म्हणणेही बरोबर नाही.

यावर जाणकारांचा नियम सोपा आहे: रूप जुने ठेवावे, वीज नवी करावी आणि केलेला प्रत्येक बदल पुढे कुणालाही काढून टाकता यावा.

काम कसे चालते?

१. झुंबर उतरवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढतात. प्रत्येक लोलकाला क्रमांक देऊन त्याची जागा आराखड्यावर लिहितात.

२. ज्या आकड्याला झुंबर टांगले आहे, तो आणि वरची तुळई तपासतात. भार पेलणारी एक जादा पोलादी तारही लावतात.

३. काचेचे भाग सुटे करून सौम्य साबणाच्या पाण्याने हाताने धुतात. पितळ चिंचेने घासून लखलखीत करत नाहीत, कारण त्यासोबत मूळचा मुलामाही निघून जातो.

४. नवी वायर जुन्याच नळीतून ओवतात. नवे भोक पाडत नाहीत. धातूच्या सांगाड्याला अर्थिंग देतात. काढलेले होल्डर चिठ्ठी लावून जपून ठेवतात.

बल्ब कोणता?

जुना तारेचा बल्ब विजेचा सुमारे विसावा भागच प्रकाशात बदलतो. बाकीची उष्णता होते. ४० वॅटचे २४ बल्ब ९६० वॅट खातात. तेवढ्याच उजेडाचे ४ वॅटचे एलईडी लावले तर ९६ वॅट पुरतात, तापही कमी होतो. पण एलईडी लावला की काम संपले असे नाही. बंद हंडीत त्याची उष्णता कोंडते आणि त्यातील मंडल लवकर बिघडते. शिवाय दुधी काचेचा एलईडी लावला तर झुंबर निस्तेज दिसते. विज्ञानाच्या पुस्तकातील लोलक तो हाच! प्रकाश बारीक बिंदूतून आला तरच त्यातून रंग फाकतात. म्हणून स्वच्छ काचेचा, पिवळसर उजेडाचा बल्ब निवडतात.

उजेडाचाही हिशेब

प्रकाशाने रंग उडतात. जलरंगातील चित्रे, कापड व कागद यांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. (भर उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात.) झालेले नुकसान भरून येत नाही, ते साठत जाते. म्हणून झुंबर शोभेपुरते मंद ठेवून चित्रांसाठी वेगळे छोटे दिवे लावतात.

पालकांना व विश्वस्तांना विनंती

आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत, देवळांत आणि उत्सवाच्या मंडपांत हंड्या-झुंबरे अजून आहेत. वायरिंग नवे करताना ती मोडीत जातात, कारण कंत्राटात त्यांचा उल्लेखच नसतो. काम देण्यापूर्वी त्यांची यादी व छायाचित्रे करावीत आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळावा, अशी अट लेखी घालावी, असे आम्हांस वाटते.

स्वाध्याय

१. एका चित्रावर २०० लक्स उजेड रोज २ तास पडतो, दुसऱ्यावर ५० लक्स रोज ८ तास. चित्रे सारखीच असतील तर कोणाला जास्त धोका? गुणाकार करून पाहा.

२. घरातील वा शेजारच्या देवळातील एका जुन्या दिव्याचे चित्र काढा. तो पूर्वी तेलावर जळत होता की विजेवर, हे आजी-आजोबांना विचारून चित्राखाली लिहा. दिव्याला हात लावू नका. ते काम मोठ्यांचे!