मुद्गयूष : पथ्य सांगताना रुग्णाच्या घराचा विचार

ज्वरमुक्त रुग्णास 'हलका आहार घ्या' असे सांगून आपण पुढील रुग्णाकडे वळतो. या वाक्याचा अर्थ घरी कोणी चहा-बिस्किटे असा घेतो, कोणी साबुदाण्याची खिचडी, तर कोणी दुकानातून सूपचे पाकीट आणतो. प्रस्तुत लेखात मुद्गयूष, म्हणजेच मुगाचे कढण, या एकाच कल्पाचा विचार केला आहे. ग्रंथांत त्याचे स्थान निश्चित आहे आणि मराठी स्वयंपाकघराला ते परके नाही.

चरकाचार्यांनी शमीधान्यांत मूग श्रेष्ठ मानला आहे. संसर्जनक्रमात पेया व विलेपी यांच्यानंतर अकृत यूष, मग कृत यूष व शेवटी मांसरस येतो. वाग्भटांनी अष्टांगहृदयात मुद्गयूष हा शोधन झालेल्यांस, तसेच व्रण, कंठरोग व नेत्ररोग असलेल्यांस पथ्यकर सांगितला आहे. स्नेह, लवण व कटुद्रव्ये यांविना केलेला यूष तो अकृत, त्यांनी संस्कारित केलेला तो कृत. हा भेद व्यवहारात जवळजवळ पुसला गेला आहे. 'मुगाचे पाणी द्या' असे सांगितले की घरी तुपाची फोडणी, लसूण, क्वचित टोमॅटोही पडतो. चवीला ते उत्तमच. परंतु कृत यूष अकृतापेक्षा गुरू असल्याने अग्नी मंद असताना पहिल्याच दिवशी तो देणे योग्य नव्हे.

खरी अडचण ग्रंथात नसून घरात आहे. दिवा व डोंबिवली यांच्या मधल्या आमच्या कोपरमध्ये खालच्या फलाटावरून ठाणे-मुंबईची लोकल, तर वरच्या फलाटावरून वसईची गाडी मिळते. येथील अनेक रुग्ण सकाळी सातपूर्वी घर सोडतात व रात्री नऊच्या सुमारास परततात. अशा घरी दर दोन तासांनी ताजे कढण कोण करणार? त्यात रुग्ण जर घरची स्त्रीच असेल तर प्रश्न अधिक बिकट. तापातून उठलेली स्त्री सर्वांसाठी पोळी-भाजी करते, पण स्वतःसाठी वेगळे पातेले चढवीत नाही, हे आम्ही वारंवार पाहतो. म्हणून कृती आम्ही तिला न सांगता सोबत आलेल्या पतीस वा मुलास सांगतो आणि त्याच्याकडून ती परत म्हणवून घेतो. या एका बदलाने पथ्यपालन पुष्कळ सुधारते.

भावप्रकाशात यूषासाठी शिंबीधान्याच्या 18 पट पाणी सांगितले आहे; म्हणजे 25 ग्रॅम मुगास सुमारे 450 मिलिलिटर. हे प्रमाण उघड्या भांड्याचे आहे. कुकरमध्ये पाणी फारसे आटत नाही व कढण पांचट होते. म्हणून कुकरसाठी आम्ही 10 ते 12 पट पाणी सांगतो. मूग सकाळी निघताना भिजत घालावेत, रात्री मऊ शिजवावेत, घोटून गाळावेत व झाकण न ठेवता पाच-सात मिनिटे उकळावेत. अग्नी सुधारल्यावर चिमूटभर सुंठ, जिरे, सैंधव व अर्धा चमचा तूप. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यावयाचे असल्यास थर्मासमध्ये उकळते भरावे व दुपारपर्यंत संपवावे.

कोकणातून आलेली कुटुंबे मुगाऐवजी कुळथाचा आग्रह धरतात. कफप्रधान कासात तो उपयुक्त ठरतो. मात्र कुलत्थ उष्ण व अम्लविपाकी असल्याने पित्तप्रकृती व रक्तपित्ताच्या रुग्णांस देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. सूपचे पाकीट मागणाऱ्या रुग्णास त्यावरील घटकसूची वाचून दाखवावी. बहुधा मक्याचे पीठ, मीठ व साखर आढळते. त्याला यूष म्हणता येणार नाही. त्याऐवजी सुंठ व सैंधव यांच्या लहान पुड्या आणि छापील कृती ठेवल्यास विक्रीही होते व रुग्णाचे हितही.

कढण हे पथ्य आहे, निदान नव्हे. पावसाळ्यात ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर हिवताप, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांच्या तपासण्या लांबवू नयेत. वृक्कविकाराच्या रुग्णास डाळीचे प्रमाण त्याच्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. मधुमेही रुग्णास रात्रीच्या जेवणाऐवजी केवळ कढण सांगताना तो इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतो का, हे आधी विचारावे. आहार घटला व मात्रा तीच राहिली, तर पहाटे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून मात्रा देणाऱ्या चिकित्सकाशी त्याच दिवशी बोलून घ्यावे.